दुसऱ्यांदा पाण्यात उतरू का?

आदरणीय मावशी, जय ख्रिस्त.

मी 31 वर्षांची, पिंपरी-चिंचवडला नोकरी करते. माहेर आणि सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं. तीन महिन्यांची असताना गावच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला, सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे तान्हेपणीची वचनं स्वतः कबूल करण्याचा विधी. खरं सांगायचं तर दोन्ही वेळा काय चाललंय ते मला कळलं नव्हतं. पहिल्या वेळी कळण्याचं वय नव्हतं, दुसऱ्या वेळी सगळं लक्ष नव्या साडीकडे होतं. लग्नानंतर आम्ही इथल्या एका नव्या फेलोशिपमध्ये जाऊ लागलो. तिथेच मी पहिल्यांदा बायबल मन लावून वाचलं, स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला शिकले. तिथले पास्टर म्हणतात, तान्हेपणी डोक्यावर शिंपडलेलं पाणी म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. विश्वास आधी, बाप्तिस्मा मागून, आणि तोही पूर्ण बुडवून. तोवर मला तिथे प्रभुभोजन मिळत नाही. नवऱ्याने मागच्या वर्षी तसा बाप्तिस्मा घेतला. आता तो म्हणतो, तूही घे, म्हणजे घर एक होईल. आईला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "तुझ्या खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने त्यांना पाणी बंद केलं होतं. त्यावर आता तू पाणी सोडतेस?" त्यात आमचं बाळ पाच महिन्यांचं. सासूबाईंना नाताळात नगरला त्याचा बाप्तिस्मा हवाय, फेलोशिपमध्ये म्हणतात नुसतं समर्पण करा, म्हणजे पाण्याशिवाय प्रार्थना करून बाळ देवाला वाहा. मी दुसऱ्यांदा पाण्यात उतरू का? आणि बाळाचं काय करू?

— एक वाचक

*

प्रिय मुली, जय ख्रिस्त.

नको उतरूस. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तू धडधडत्या काळजाने वाचणार नाहीस. मात्र हे पत्र तुझ्या पास्टरांच्या तोंडावर मारायला वापरणार असशील तर इथेच थांब, कारण त्यांची बाजू लंगडी नाही.

नव्या करारात बाप्तिस्म्याच्या बहुतेक गोष्टींत क्रम तोच आहे जो ते सांगतात. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला पेत्राचं भाषण ऐकून लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागली, आणि मग सुमारे तीन हजार जणांचा बाप्तिस्मा झाला. हबशी षंढ रथात यशया वाचत होता, फिलिप्पाने त्याला अर्थ सांगितला, वाटेत पाणी दिसलं तेव्हा त्यानेच विचारलं की आता माझ्या बाप्तिस्म्याला काय हरकत आहे. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा झाला असं सरळ सांगणारं एकही वचन नाही. आपल्या बाजूचे लोक लुदिया, फिलिप्पैचा बंदिशाळेचा नायक आणि स्तेफनाचं घराणं पुढे करतात. घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला म्हणजे त्यात लेकरंही आलीच, असं त्यांचं म्हणणं. आली असतीलही. पण तो तर्क आहे, आणि तर्काला तर्कच म्हणावं.

पुढचा इतिहासही आपल्या आजीला वाटतो तितका सरळ नाही. इसवी सन 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन लिहीत होता की लेकरांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नका. म्हणजे तेव्हा तो दिला जात होता आणि त्यावर वादही होता. पुढे पन्नासेक वर्षांनी त्याच कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणतो, आठव्या दिवसापर्यंतही थांबायचं कारण नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनने तर 337 मध्ये मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतला. पापं एकदाच धुतली जाणार, तर तो मौका शेवटपर्यंत राखून ठेवावा, असा त्या काळी बऱ्याच जणांचा हिशेब असे. मोनिकासारख्या प्रार्थना करून गुडघे झिजवणाऱ्या आईनेसुद्धा आपल्या ऑगस्टीनचा, म्हणजे पुढे थोर धर्मशास्त्री झालेल्या मुलाचा, बाप्तिस्मा लहानपणी केला नाही. तो 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये झाला, वयाच्या 32 व्या वर्षी, स्वतःच्या मुलाबरोबर. आणि हाच ऑगस्टीन पुढे बालबाप्तिस्म्याचा सगळ्यात मोठा वकील झाला!

तुझे पास्टर ज्या परंपरेतून बोलतात तिने रक्त सांडलंय हेही लक्षात ठेव. 1525 च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या एका घरात जमलेल्या काही तरुणांनी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. बाळपणी त्या सगळ्यांवर पाणी पडलेलं होतं. त्यांचं म्हणणं, हा दुसरा नव्हेच, कारण पहिला झालाच नव्हता. तुला आज जे सांगितलं जातंय ते शब्दाशब्दाने हेच आहे. दोन वर्षांनी त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला बांधून लिमाट नदीत बुडवून मारलं, आणि हा निकाल देणारी नगरसभा प्रोटेस्टंट होती. तेव्हा आमच्याकडच्या चहाच्या टेबलावर ‘डुबकीवाले’ म्हणून थट्टा चालते ना, ती मला सहन होत नाही. बरं, झुरिकच्या त्या घरात पाणी डोक्यावर ओतलं होतं. बुडवण्याचा आग्रह नंतरचा.

पाणी किती, हा प्रश्न मी इथेच मिटवते, कारण त्यात जीव कमी आणि भांडण जास्त. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालायला उठलो. हे चित्र बुडवण्यात जितकं उतरतं तितकं शिंपडण्यात उतरत नाही, हे मी मान्य करते. पण पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती लोकांसाठी लिहिलेली दिदाखे नावाची एक छोटी पुस्तिका आहे. तिच्यात सांगितलंय की वाहतं पाणी असेल तर उत्तम, नसेल तर दुसरं चालेल, थंड नसेल तर कोमट घ्या, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा ओता. आमच्या नगर-जालन्याकडची मे महिन्यातली नदी त्या लेखकाने पाहिली असावी असंच वाटतं.

आता मुद्द्याचं. बाप्तिस्म्यात नेमकं कोण काय करतं?

तुझ्या पत्राच्या मुळाशी असं धरून चाललंय की बाप्तिस्मा म्हणजे माझ्या विश्वासाची मी दिलेली जाहीर कबुली. कबुली त्यात आहे, नाही असं नाही. पण जरा बघ, नव्या करारात कोणीच स्वतःला बाप्तिस्मा देत नाही. येशूसुद्धा यार्देनेच्या काठी योहानासमोर येऊन उभा राहतो. पौलासारखा पंडित, तीन दिवस आंधळा होऊन बसलेला, तो हनन्याच्या पुढे मान वाकवतो. प्रौढ असो वा तान्हं, पाण्यापाशी माणूस घेणारा असतो. हात दुसऱ्याचा, पाणी दुसऱ्याने आणलेलं, नाव देवाचं. तू तीन महिन्यांची असताना तुला काही कळत नव्हतं हे खरं. पण तुझं नावही तुला न विचारताच ठेवलं होतं, आणि आज कोणी त्या नावाने हाक मारली की तू वळून बघतेस. ते नाव तुझं झालं ते तू ओ देत गेलीस म्हणून. तसाच तुझा बाप्तिस्मा खरा होण्याची वेळ फेलोशिपमध्ये आली, तू बायबल उघडलंस तेव्हा. पाणी आधी पडलं, ओ आता आली.

आणि विश्वास पुरेसा पक्का झाल्यावरच बाप्तिस्मा खरा, हे माप एकदा हातात घेतलं तर ते कुठे थांबणार? आज 31 व्या वर्षी तुला वाटतं की सोळाव्या वर्षी मला काही कळत नव्हतं. पन्नाशीत, एखादं मोठं दुःख पचवल्यावर, तुला वाटेल की 31 व्या वर्षी तरी काय कळलं होतं? मग तिसऱ्यांदा?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण बघ. 1883 मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संस्कृत विद्येत मुरलेली, देशभर पायी फिरलेली, प्रत्येक शब्दावर प्रश्न विचारणारी बाई. तिला कोणी फूस लावली असं म्हणायची सोय नाही. त्याच वेळी त्यांच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला, आणि ती जेमतेम अडीच वर्षांची होती. एकीला सगळं कळत होतं, दुसरीला काहीच नाही. पुढे रमाबाईंनीच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त अजून सापडायचा आहे. इतक्या समजून-उमजून घेतलेल्या बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं! आणि जिला काही कळत नव्हतं ती मनोरमा मोठी होऊन आईच्या कामाला आयुष्यभर वाहून घेऊन राहिली. विश्वास पाण्याच्या मागून येतो, पुढून येतो, कधी दोन्हीकडून थोडा थोडा येतो.

तुझे पास्टर बहुधा प्रेषितांच्या कृत्यांचा एकोणिसावा अध्याय काढतील. इफिसात पौलाला काही शिष्य भेटतात, त्यांचा बाप्तिस्मा झालेला असतो, तरी तो पुन्हा होतो. पण तो अध्याय नीट वाच. त्यांना मिळालेला बाप्तिस्मा योहानाचा होता, येशूच्या नावाचा नव्हताच. पवित्र आत्मा आहे हेही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. तुझा तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालाय. त्याऐवजी आठव्या अध्यायातला शिमोन बघ, तो शोमरोनातला जादूगार. प्रौढ माणूस, विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच दिवसांत पैसे देऊन पवित्र आत्म्याचं सामर्थ्य विकत घ्यायला निघाला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचं अंतःकरण सरळ नव्हतं असं यापेक्षा स्पष्ट उदाहरण कुठे मिळणार? पेत्राने त्याला खडसावलं. म्हणाला, पश्चात्ताप कर, प्रभूजवळ विनंती कर. पुन्हा बाप्तिस्मा घे असं म्हणाला नाही. गलतीकरांवर पौल केवढा संतापलाय, तरी त्यांनाही त्याने पुन्हा पाण्यात पाठवलं नाही.

म्हणूनच एकच बाप्तिस्मा हे इफिसकरांस पत्रातलं वचन पुढे मंडळीच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, जाऊन बसलं. 1982 मध्ये पेरू देशातल्या लिमा शहरात बालबाप्तिस्मा मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या परंपरांचे अभ्यासक एकत्र बसले होते. त्यांच्या निवेदनातही हेच आहे: बाप्तिस्मा पुन्हा होत नसतो, आणि पुन्हा केल्यासारखं दिसेल असं काही करू नये. कॅथोलिकांकडे जाशील तर तेही, पाणी आणि त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं, नाव असेल तर दुसऱ्या मंडळीत झालेला स्नानसंस्कार (बाप्तिस्म्याला ते हेच म्हणतात) पुन्हा करत नाहीत.

आता तुझ्या गावच्या मंडळीकडे वळते. इथे मला कोणाची बाजू घ्यायची नाही.

तू लिहिलंस की दृढीकरणाच्या वेळी लक्ष साडीकडे होतं. मला सांग, तुझं लक्ष शास्त्राकडे वळावं म्हणून कोणी काय केलं होतं? प्रश्नोत्तरं घोकून घेतली, बिशप येणार म्हणून चर्चला रंग दिला, जेवणावळ ठरवली. बालबाप्तिस्म्याच्या उपासनेत पाळक सगळ्या मंडळीला विचारतात की या लेकराला ख्रिस्ताच्या मार्गात वाढवायला तुम्ही मदत कराल ना, आणि सगळे पुटपुटतात, होय. त्यातल्या किती जणांना पुढच्या वर्षी त्या बाळाचं नाव तरी आठवतं? हल्ली तर उपासनेपेक्षा हॉल, केक आणि बिर्याणीचाच बेत मोठा. ज्या मंडळीने दिलेला शब्द पाळला नाही तिच्या पाण्यावर तुझा विश्वास बसेना, यात नवल ते काय. बालबाप्तिस्मा मंडळीच्या शब्दावर उभा असतो, आणि तो शब्द पोकळ निघाला तर फेलोशिपवाल्यांना दोष देण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. तुझी उपासमार झाली आणि त्यांनी तुला जेवू घातलं. त्याबद्दल त्यांचे आभार मान, अगदी मोकळ्या मनाने. पण जेवण उशिरा मिळालं म्हणून जन्म पुन्हा घ्यावा लागत नाही.

आईचं रडणं मात्र मला वेगळं ऐकू येतं. 1876 ते 78 चा दुष्काळ आणि त्यानंतरची वर्षं, या काळात नगर जिल्ह्यात महार-मांग वस्त्यांतून घरंच्या घरं बाप्तिस्म्याला आली. भाकरीसाठी बाटले, हा टोमणा आपण आजही ऐकतो. पण भाकरी दुष्काळासोबत संपली आणि भावकीने टाकलेलं वाळीत पुढे कितीतरी वर्षं चाललं, हे टोमणा मारणारा सांगत नाही. पाणी डोक्यावर पडलं की रेघ ओढली जायची, ती दोन्ही बाजूंना दिसायची. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला, हेच पुढे जालन्याजवळ बेथेल वसवणारे. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्याबरोबर मिशनऱ्यांकडे राहात होता, पण त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने श्रीपतला त्यांच्या हवाली केलं. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर सगळी मुंबई भांडली, आणि बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. ज्याच्यावर पाणी पडलं नव्हतं त्याच्यासाठी एवढा झगडा; ज्याच्यावर पडलं त्याचं दार बंदच झालं.

हे जुनं झालं म्हणशील, तर तसंही नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये त्यात घेतलं, ख्रिस्ती अजून बाहेरच. तुझ्या घराण्याला या आदेशाची झळ लागली का ते मला माहीत नाही, आईला विचार. ज्या घरांनी मंडळीच्या रजिस्टरातली एक ओळ खोडली नाही आणि पोरांच्या सवलतींवर पाणी सोडलं, त्या घरांना कोणी येऊन सांगितलं की तुमचा बाप्तिस्मा झालाच नव्हता, तर काळजाला घरं पडतात. तू आईला ‘पहिला बाप्तिस्मा धरत नाहीत’ असं सांगितलंस तेव्हा तिला बहुतेक हेच ऐकू आलं. तिच्याशी शास्त्रावर वाद घालू नकोस. खापरपणजोबांचं नाव, गाव, कोणाच्या हातून आणि कुठे बाप्तिस्मा झाला हे तिच्याकडून लिहून घे. जुनी रजिस्टरं अजून बऱ्याच मंडळ्यांत आहेत.

नवरा म्हणतो घर एक होईल. मला हे वाक्य आवडलं नाही. त्याने घेतला, त्याच्या विवेकाला जे पटलं ते त्याने केलं, त्यावर मी बोलणार नाही. पण त्याच्यासाठी म्हणून तू घेतलास तर तुझ्याच पास्टरांच्या मापाने तोही खोटा ठरेल, कारण त्यात विश्वास त्याचा आणि अंग भिजलं तुझं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. पुढे त्या नगरला टिळकांजवळ राहायला आल्या त्याही बाप्तिस्मा न घेताच, आणि त्यांनी तो घेतला तो स्वतःच्या मनाला पटल्यावर. टिळक थांबले. घर तोवर मोडलं नाही. पाण्यासाठी एवढी किंमत मोजलेल्या याच माणसाने 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांचा. तुझ्या नवऱ्याला हे सांग, रागाने नव्हे, एखाद्या संध्याकाळी बाळ झोपल्यावर.

आणि कोणी घाई करत असेल, म्हणजे उद्या काही झालं तर तुझं काय होईल अशी भीती घालत असेल, तर त्याला येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या त्या चोराची आठवण दे. त्याला नदीपर्यंत जायला वेळ मिळाला नव्हता. करिंथात लोक कोणाच्या हातून बाप्तिस्मा घेतला यावरून गट पाडू लागले, तेव्हा पौलाने देवाचे आभार मानले की आपण क्रिस्प आणि गायस यांच्याखेरीज कोणाला बाप्तिस्मा दिला नाही. नंतर त्याला स्तेफनाचं घराणं आठवलं, तेही त्याने प्रामाणिकपणे लिहून टाकलं. पास्टरच्या वहीत आकडा वाढावा म्हणून पाण्यात उतरायचं नसतं.

मग तुझ्या मनात जी उर्मी आहे तिचं काय? ती दाबू नकोस, ती खरी आहे. तुला सगळ्यांसमोर काहीतरी बोलायचंय. तर बोल. तुझ्या गावच्या मंडळीच्या पाळकांना भेट आणि सांग, तान्हेपणी माझ्या वतीने आईबाबांनी जी वचनं दिली ती मला आता माझ्या तोंडाने, रविवारच्या उपासनेत, उभं राहून द्यायची आहेत. सैतानाचा धिक्कार, ख्रिस्तावरचा विश्वास, आज्ञापालन, सगळी. बाप्तिस्म्याच्या वचनांचं असं नूतनीकरण बऱ्याच मंडळ्यांत होतं. त्यासोबत साक्ष दे, आणि फेलोशिपमुळे बायबल कसं उघडलं तेही त्यात सांग. गावच्या लोकांनी ते ऐकायलाच हवं. आई पहिल्या बाकावर असू दे. मार्टिन ल्यूथरने आपल्या प्रश्नोत्तरावलीत शिकवलंय की पापांनी आणि विवेकाने गांजलं की म्हणावं, तरीही माझा बाप्तिस्मा झालेला आहे. झालेला आहे, होईल असं नव्हे. जुना आदाम, म्हणजे आपला पापी स्वभाव, रोज बुडवायचा असतो, हेही त्याचंच. त्या हिशेबाने तुला रोजच पाण्यात उतरायचंय, कपडे न भिजवता.

बाळाबद्दल. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली. त्यात अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते, म्हणजे या वादातले दोन्ही पक्ष. त्यांनी वाद मिटवला नाही, दोन्ही रीती ठेवल्या: बालबाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण, किंवा बाळपणी समर्पण आणि मोठेपणी विश्वास कबूल करून बाप्तिस्मा. तेव्हा समर्पण केलं तर बाळ ख्रिस्ती राहणार नाही ही सासूबाईंची धास्ती त्यांच्याच मंडळीच्या घटनेला धरून नाही. आणि बाप्तिस्मा केला तर लेकरावर अन्याय, हे फेलोशिपचं म्हणणंही मला पटत नाही. भाषा, घर, प्रार्थना, सगळंच आपण लेकराला न विचारता देतो.

मी तुझ्या जागी असते तर बाप्तिस्मा केला असता. पण ठरवायचं तुम्ही दोघांनी, आजीने नाही आणि पास्टरनेही नाही. नवऱ्याला मनापासून पटत नसेल तर समर्पण करा, ओढाताणीत बाप्तिस्मा नको. उपासनेत बापाने ‘होय’ म्हणताना खाली मान घालून उभं राहायचं, याला अर्थ नाही. बाप्तिस्माच ठरला तर तो जिथे बाळ दर रविवारी जाणार आहे त्या मंडळीत करा. नगरला नाताळात सगळे भेटतात हे खरं, पण तिथे ‘होय’ म्हणणारे लोक त्याला वर्षातून एकदा बघणार. सासूबाईंना पुण्याला बोलवा. धर्ममातापिता निवडताना दुबईचा श्रीमंत चुलता नको, बायबल वाचणारी आणि हाकेच्या अंतरावरची माणसं हवीत. आणि एक जपा: आजीने मोरीत नळाखाली धरून तीनदा पाणी घातल्याचे किस्से आपल्याकडे प्रत्येक गावात आहेत. जीव धोक्यात असेल तेव्हा कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो असं मानणाऱ्या परंपरा आहेत, पण गुटगुटीत बाळ हे संकट नव्हे.

प्रभुभोजनाचं म्हणशील तर फेलोशिपच्या मेजाचा नियम त्यांचा आहे, त्यावरून तिथे भांडू नकोस. तुझ्या मंडळीचं मेज तुझ्यासाठी मांडलेलं आहे, तू दृढीकरण झालेली सभासद आहेस. महिन्यातून एक रविवार पुण्यातल्या एखाद्या सीएनआय मंडळीत जा, नवऱ्यालाही ने. बायबल अभ्यासाला फेलोशिपमध्ये जात राहा. असं दोन ठिकाणी जाणं पास्टरांना रुचलं नाही, तर ते तुला काय सांगतात ते मला कळव.

सासूबाईंना फोन मात्र तू करू नकोस. त्याची आई आहे, त्याला करू दे.

तुझी,
मावशी